मांडव अंगणातला, दागिना लेकीचा



गेल्या वैशाखात आम्ही गोंदिया जिल्ह्यातल्या अर्जुनी मोरगाव तालुक्यात एका कार्यकर्त्याच्या मुलीच्या लग्नाला गेलो होतो. मुलूख धानाचा, तळ्यांचा. लग्न हॉलमध्ये नव्हते, घरापुढच्या अंगणात होते. बांबूच्या मेढी, वर जांभळाच्या डहाळ्या. पळसाच्या पत्रावळी गावच्या बायांनी आधीच लावून ठेवल्या होत्या, त्याची मजुरी शेकड्यावर चुकती केली होती. टोपल्या, सुपे गावच्या बुरडाची. नवरीच्या अंगावर आजीचे कोशाचे लुगडे, गळ्यात आजीचीच सरी.

पंगतीत एक पाहुणे म्हणाले, "लग्न गरिबीत उरकले."

आम्हाला ते लागले. म्हणून हा हिशेब मांडतो.

हॉल, सजावट, केटरर आणि डीजे यांच्यासाठी एक लाखाचे कर्ज काढले असे धरा. २०२५-२६ च्या हंगामाला लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये. म्हणजे सव्वाबारा क्विंटलहून जास्त कापूस गेला. कोरडवाहूत एकरी पाच क्विंटल धरले तर अडीच एकरांचा सगळा माल एका दिवसात संपला. यात बी, खत, फवारणी, वेचणी धरलेली नाही, व्याजही नाही. आणि हमीभाव हातात पडला तर हा हिशेब!

अंगणातल्या लग्नालाही पैसा लागतो. पण तो पत्रावळीवालीच्या आणि बुरडाच्या हातात जातो, गावात फिरतो. आपल्या कापूस-ज्वारीच्या गावांतही धुऱ्यावर पळस आहे, जांभूळ आहे, निंब आहे. मग गरीब कोण?

आता त्या सरीची गोष्ट. आजीला विचारले तेव्हा ती म्हणाली, "दोनदा गेली, दोनदा आली जी." दोन्ही वेळा पेरणीसाठी सावकाराकडे गहाण पडली होती. सुटली म्हणून नातीच्या गळ्यात दिसली. आपल्यापैकी किती घरांत अशी सरी परत आली? बियाण्याला पैसा नसला की पहिला हात बाईच्या पेटीत जातो. माल विकल्यावर मात्र त्या पेटीची आठवण कोणाला होत नाही.

स्त्रीधन हे बाईचे स्वतःचे धन आहे, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने १९८५ साली प्रतिभाराणी खटल्यात दिला. २०२४ साली त्याच न्यायालयाने पुन्हा सांगितले की अडचणीत नवऱ्याने ते वापरले तरी ते किंवा त्याची किंमत परत करणे त्याच्याकडे लागते. पण दागिना कोणाचा हे दाखवायला कागद हवा. हुंडा प्रतिबंधक कायद्याखालच्या १९८५ च्या नियमांत तो कागद सांगितलेला आहे. लग्नातल्या भेटींची लेखी यादी करायची. वस्तू, अंदाजे किंमत, देणाऱ्याचे नाव आणि नाते लिहायचे. खाली नवरा-नवरी दोघांच्या सह्या. नवरीची यादी नवरीकडे राहते. किती लग्नांत ही यादी झाली? आमच्या स्वतःच्या घरच्या लग्नांतही झाली नव्हती, हे कबूल करतो.

कोणी म्हणेल, मुलीच्या बापाला बोलायला तोंड असते कुठे? खरे आहे. म्हणूनच सुरुवात मुलाच्या बापांनी करावी. येत्या लग्नसराईत ज्यांच्या घरी मुलाचे लग्न आहे त्यांनी व्याह्यांना स्वतः सांगावे: हॉल नको, मांडव तुमच्या अंगणात घाला. आणि अक्षता पडल्या की त्याच मांडवात यादी लिहून सुनेच्या हातात द्यावी.

भावाचा हिशेब आपण सरकारला मागतो. पेटीतल्या सरीचा हिशेब आपल्यालाच द्यायचा आहे.