ग्राफिक्स कार्डाचे प्रदर्शन आणि आमचा पीक ग्लास

संगणकाच्या ग्राफिक्स कार्डाविषयी व्यापार पानावर लिहिण्याचे काय कारण, असे काही वाचक विचारतील. कारण साधे आहे. भिवंडी, मालेगाव, सोलापूर येथे जेकार्डचे डिझाईन काढणारी आमची मुले आता ग्राफ पेपरवर नव्हे, संगणकावर बसतात. मोठे कार्ड घ्यायचे म्हणून घरातले पैसे मागतात, नाही मिळाले तर हप्त्यावर घेतात. कापडवाल्यांच्या भाषेत कार्ड म्हणजे भोके पाडलेला पुठ्ठा. फ्रान्समधील ल्यों शहराच्या जेकार्डने १८०४ साली त्या पुठ्ठ्यांवर माग चालवला आणि पुढे बॅबेज नावाच्या इंग्रजाने गणिताच्या यंत्रासाठी तीच कल्पना उचलली. तेव्हा या विषयात बोलण्याचा थोडा हक्क आम्हालाही आहे.

६ जानेवारी २०२५ रोजी अमेरिकेतील लास वेगास येथे एनव्हिडिया कंपनीचे प्रमुख जेन्सन हुआंग यांनी आपली नवी ५० मालिकेची कार्डे लोकांसमोर मांडली. त्या कार्यक्रमाचे चित्रण मी पूर्ण पाहिले आहे. मांडणी उत्तम होती, हे आधी कबूल केले पाहिजे. अंगात चकचकीत जाकीट, हातात कार्ड, मागे भिंतीएवढा पडदा आणि त्यावर प्रकाश असा पडतो की खरे आणि काढलेले यात फरक कळू नये. कंपनीच्या माहितीत नव्या तंत्राचे उदाहरण म्हणून चिनी मातीची भांडी आणि रेशीम यांची नावे आहेत. रेशमाचे नाव आले की आमचे कान उभे राहतात. रेशमाची चमक कोनाप्रमाणे बदलते, ती पडद्यावर आणणे हे हलके काम नाही. माशाल्लाह, कारागिरी आहे.

पण टाळ्या सर्वांत जास्त पडल्या त्या भावाला. ५०७० हे कार्ड ५४९ डॉलरला मिळेल आणि त्याची कामगिरी ४०९० एवढी असेल, असे हुआंग म्हणाले. ४०९० हे ऑक्टोबर २०२२ मध्ये १५९९ डॉलरला आलेले कार्ड. म्हणजे सोळाशेचा माल साडेपाचशेत. बाजारात उमेदीची वर्षे घालवलेल्या माणसाने असे वाक्य ऐकले की त्याचा हात आपोआप खिशातल्या पीक ग्लासकडे जातो.

आत पाहिले तर काय दिसते? ४०९० मध्ये हिशेब करणारे १६,३८४ गाभे आणि २४ जीबी मेमरी. ५०७० मध्ये गाभे ६,१४४ आणि मेमरी १२ जीबी. मग बरोबरी कशी झाली? नव्या तंत्रात कार्ड एक चित्र स्वतः काढते आणि पुढची तीन चित्रे अंदाजाने भरते. हुआंग यांनीच मंचावर सांगितले की ३ कोटी ३० लाख ठिपक्यांपैकी फक्त २० लाख ठिपके प्रत्यक्ष हिशेबाने काढले, बाकीचे यंत्राच्या बुद्धीने भरले. डोळ्याला हालचाल गुळगुळीत दिसते, हे खरे. पण मधली चित्रे भरायची तर पुढचे खरे चित्र तयार होईपर्यंत थांबावे लागते. म्हणून हाताने बटण दाबले तर उत्तर चौपट लवकर येत नाही.

आमच्याकडे ५२ पिकाचे कापड कांजी मारून, कॅलेंडर करून ६० पिकासारखे भरीव दाखवता येते. हाताला तेवढेच जड लागते. कांजी मारणे गुन्हा नाही, तो धंद्याचा भाग आहे. पण बिलावर ६० पीक लिहिले तर ते वेगळे झाले. ओल्या धान्याच्या ढिगाची हदीस आमच्यातल्या प्रत्येक व्यापाऱ्याला ठाऊक आहे. ओला माल खाली दडवू नये, गिऱ्हाइकाला दिसेल असा वर ठेवावा, एवढीच तिची मागणी. इन्साफाने बोलायचे तर हुआंग यांनी माल अगदी दडवला नाही. कृत्रिम बुद्धिमत्तेशिवाय हे शक्य नव्हते, असे ते त्याच दमात म्हणाले. मात्र मोठ्या आवाजात सांगितला तो भाव, आणि लोकांच्या लक्षात राहिली ती बरोबरी. मार्च २०२५ मध्ये ५०७० विक्रीला आले तेव्हा बाहेरच्या परीक्षकांनी भरलेली चित्रे बंद करून मोजमाप केले. कार्ड ४०९० च्या बरेच मागे निघाले, आधीच्या मालिकेतील ४०७० सुपरच्या आसपास.

दुसरी गोष्ट थेट मापाची. फेब्रुवारी २०२५ मध्ये काही गिऱ्हाइकांनी फुकट मिळणाऱ्या एका प्रोग्रॅमने आपले कार्ड तपासले. ५०९० मध्ये चित्र शेवटी पक्के करून पडद्यासाठी मांडणारे १७६ भाग हवेत, त्यांना १६८ दिसले. शंभर मीटरच्या ताक्यात साडेचार मीटर कमी भरावे तसे. कंपनीने मान्य केले की अर्ध्या टक्क्याहून कमी मालात हा दोष आहे, कामगिरीत सरासरी ४ टक्के फरक पडतो, आणि माल बदलून मिळेल. दोष कबूल करून माल बदलणे चांगलेच. पण दोन हजार डॉलरच्या वस्तूचे माप गिऱ्हाइकाने घरी नेऊन काढावे लागले, हे विसरू नये.

आता आमच्या मुलांचा प्रश्न. माझा भाचा म्हणतो, "मामू, मोठं कार्ड आलं की डिझाईन झपाट्यानं निघेल." जेकार्डचे डिझाईन म्हणजे मोजके रंग आणि चौकोनी घरे, ताण्याची तार वर की खाली एवढाच सवाल. त्याला चांगला प्रोसेसर, पुरेशी मेमरी आणि मोठा, रंग खरे दाखवणारा पडदा हवा. भारी कार्डाने त्यात काही फरक पडत नाही. कपडा अंगावर कसा पडेल हे दाखवणारे थ्री-डी प्रोग्रॅम वापरणाऱ्याला, किंवा आपल्याच संगणकावर कृत्रिम बुद्धिमत्तेने नक्षी काढणाऱ्याला कार्ड खरोखर लागते. पण तिथे अंदाजाने भरलेली चित्रे कामाची नाहीत. तिथे गाभे आणि मेमरी लागते, आणि १२ जीबीत न मावणारे काम १२ जीबीत मावत नाही, जाहिरात काहीही म्हणो.

पैशाचा हिशेब तर आणखी कडक आहे. भारतात ५०७० चा जाहीर भाव ५९,००० रुपयांपासून आणि ५०९० चा २,१४,००० पासून होता. जाहीर भाव आणि दुकानातला भाव यात टंचाईच्या दिवसांत मोठे अंतर पडले. ५०९० ला ५७५ वॅट वीज लागते, म्हणजे पॉवर सप्लायही नवा घ्यावा लागतो. कंपोझिशन योजनेतील कारागिराला १८ टक्के जीएसटीची वजावट मिळत नाही, तो कर त्याच्याच डोक्यावर बसतो. आणि "नो कॉस्ट" हप्त्यात बँकेचे व्याज नाहीसे होत नाही. तेवढी सूट दुकानदार आधी भावातून देतो आणि बँक व्याज वेगळे लावते. सूद टाळणाऱ्या माणसाने सही करण्यापूर्वी बिलावरची व्याजाची ओळ वाचावी.

भाच्याला मी एवढेच सांगितले की दुकानात जाताना आपली सर्वांत जड फाईल पेन ड्राईव्हवर घेऊन जा, त्यांच्या मशीनवर चालव, आणि घड्याळ लाव. दुकानदार गेम दाखवू लागला तर चहा पिऊन घे.