रानातील सोपी वाट

महाराष्ट्रात डोंगर म्हटला की गड आठवतो आणि गड म्हटला की चढण. कातळकडा, दमछाक आणि माथ्यावरचा भगवा यांखेरीज डोंगर पाहिल्याचे समाधान येथील मनाला होत नाही. या परंपरेने सह्याद्रीत निर्भयपणे हिंडणाऱ्या तरुणांच्या पिढ्या घडविल्या, हे तिचे श्रेय कोणीही नाकारणार नाही. परंतु ज्याचे गुडघे दुखतात, जिच्या कडेवर मूल आहे, ज्याला माथा गाठायचा नसून केवळ तासभर झाडांखालून चालायचे आहे, अशांसाठी या राज्याच्या वनांत काय आहे, हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो.

कर्नाळ्याचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. पनवेलहून गोव्याकडे जाणाऱ्या महामार्गावर सुमारे १२ किलोमीटरवर हे पक्षी अभयारण्य आहे. प्रारंभी त्याचे क्षेत्र अवघे ४.४८ चौरस किलोमीटर होते. २००३ साली ते १२.११ चौरस किलोमीटर करण्यात आले. किल्ल्याचा अंगठ्यासारखा सुळका दुरूनच खुणावतो आणि बहुतेकांची पावले तिकडेच वळतात. पण त्याच डोंगराच्या कुशीत ‘हरियाल’ नावाची एक छोटी आणि ‘मोरटाका’ नावाची एक लांब निसर्गवाट आहे. हरियाल हा राज्याचा पक्षी. त्याच्या नावाची ही वाट शाळकरी मुलालाही सहज जमावी अशी. पानगळीच्या या रानात हिवाळ्यात स्वर्गीय नर्तकाची लांब शेपटी झाडांतून लहरत जाताना दिसते, तर पावसाच्या तोंडावर ओढ्याकाठी तिबोटी खंड्याची निळी-नारिंगी तिरीप क्षणभर चमकून जाते. हे पाहण्यासाठी दोर लागत नाही, छातीचा भाता फुलवावा लागत नाही. लागतो तो सवडीचा एक तास आणि गप्प राहण्याचा संयम.

अशा वाटा राज्यात आणखी अनेक होऊ शकतील. मात्र सोप्या वाटेच्या नशिबी आपल्याकडे सहसा तीनच गोष्टी येतात : उपेक्षा, बंदी किंवा सिमेंट. पहिल्या पावसाळ्यात फलक पडतो, दुसऱ्यात वाट ओहोळाने खचते, तिसऱ्यात ती शोधूनही सापडत नाही. ही झाली उपेक्षा. वर्षाऋतूत धबधब्यावर किंवा कड्यावर दुर्घटना घडली की बंदीचे आदेश निघतात आणि धोक्याच्या जागांबरोबर बिनधोक वाटाही त्यात अडकतात. आणि कधीकाळी निधी आलाच, तर विकास म्हणजे सिमेंट या समीकरणाने रानात पदपथ उभा राहतो. रोग परवडला पण औषध नको, अशी ही गत.

कोकणातील पावसापुढे सिमेंटचे शहाणपण चालत नाही. सिमेंटच्या पट्टीवरून पाणी वेगाने वाहते व कडेची माती पोखरून नेते. सावलीत त्यावर शेवाळ धरते आणि वृद्धांसाठी केलेली सोय त्यांच्याच जिवावर उठते. उलट, उतार थेट न चढता डोंगराच्या अंगाने वळसे घेत जाणारी, दरीच्या बाजूला किंचित कललेली, ठिकठिकाणी आडवे चर असलेली मातीची वाट पाणी साचूही देत नाही आणि धावूही देत नाही. चिखलाच्या जागी चार घडीव दगड बसविले की चालणारे वाट सोडून बाजूला पाय टाकत नाहीत व वाट रुंदावत नाही. वाटेचा सोपेपणा आखणीत आणि निगराणीत असतो. पृष्ठभागाच्या गुळगुळीतपणात नव्हे.

माथेरानने हा विवेक दीर्घकाळ जपला आहे. तेथे मोटारी दस्तुरी नाक्याशीच थांबतात आणि पुढे गर्द झाडीतील तांबड्या मातीच्या वाटांवरून आजोबा व नातू एकाच चालीने चालतात. ऑगस्ट २०२५मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तेथील मुख्य रस्त्यावर फरसबंदीला मुभा देतानाच आतील वाटांवर ती नको, असा भेद केला. रहदारीचा रस्ता वेगळा आणि रानातली वाट वेगळी, हे तत्त्व राज्यातील प्रत्येक वनविभागाने ध्यानी घेण्याजोगे आहे.

माणसांची वर्दळ वाढली की पाखरे दुरावतील, हा आक्षेप खोटा नाही. कर्णे, प्लास्टिकच्या पिशव्या आणि अर्धवट खाल्लेली पाकिटे घेऊन येणारी सहल ही सहल नसून आक्रमण होय. परंतु त्यावर उपाय दार बंद करणे हा नव्हे. संख्येला मर्यादा घालता येते, विणीच्या काळात वाटेचा काही भाग मिटवता येतो, बाटल्यांसाठी अनामत घेता येते. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानेही अभयारण्यातील प्रवेश-परवान्याच्या कारणांत पर्यटनाचा स्पष्ट समावेश केला आहे. शिवाय आखीव वाट माणसाला एका रेषेत ठेवते. वाट नसेल तर तो रानभर पसरतो.

या वाटा मुळात पाडल्या कोणी, हेही विसरता कामा नये. ठाकर, कातकरी, महादेव कोळी यांची पावले शतकानुशतके या उतारांवरून लाकूडफाटा व रानमेवा घेऊन गेली आहेत. पाणी कोठून उतरते आणि दरड कोठे सैल आहे, याचे ज्ञान कंत्राटदाराच्या नकाशात नसते. ते यांच्यापाशी असते. पावसापूर्वी चर उकरणे, पडलेले झाड हलविणे, आलेल्यांना पाखरांची ओळख करून देणे ही कामे रोख मजुरीवर गावाच्या वनसमित्यांकडे सोपविली, तर वाटही टिकेल आणि २००६च्या वनहक्क कायद्याने ज्यांचा अधिकार मान्य केला त्यांना त्याच रानात सन्मानाची भाकरीही मिळेल.

प्रश्न केवळ विरंगुळ्याचा नाही. कर्नाळ्याचे रान चिरत महामार्ग जातो आणि वाहनांचा घोष निसर्गवाटेच्या तोंडापर्यंत पोचतो. उद्या कोठल्या ना कोठल्या योजनेसाठी अशा रानाचा आणखी एक लचका मागितला जाईल, तेव्हा त्याच्या बाजूने कोण उभे राहील? अहवाल उभे राहतील, पण अहवालांना आवाज नसतो. ज्याने लहानपणी आजीचे बोट धरून त्या झाडांखालून पहिली पावले टाकली, तोच त्यांच्यासाठी बोलेल. ते बोट आणि ती पावले यांना पुरेल एवढी वाट मोकळी ठेवणे, एवढेच शासनाचे काम आहे.