घरोघरी : चहातली पूड

मैत्रिणींनो, दुपारची आवराआवर झाली की बायका बोलत्या होतात. आपल्या जालन्यात कुंडलिकेच्या अलीकडे काय नि पलीकडे काय, कुणाच्या तरी घरातल्या दारूचा विषय निघतोच. मग एखादी हळूच सुचवते, “अगं, त्याला न कळता चहात घालायची पूड मिळते म्हणे!”

ही पूड कधीही घालू नये. तिच्यात काय असते याचा भरवसा नसतो. दारू सोडवण्यासाठी डायसल्फिराम नावाचे औषध आहे खरे. पण ते पोटात असताना माणूस प्यायला तर उलट्या होतात, रक्तदाब घसरतो, क्वचित जीवही जातो. म्हणून ते त्याला सांगून, डॉक्टरांच्या देखरेखीखालीच द्यायचे.

दुसरी चूक म्हणजे खोलीत कोंडून दारू एकदम बंद करणे. वर्षानुवर्षे रोज पिणाऱ्याचा मेंदू दारूला सरावलेला असतो. ती अचानक तुटली की हात थरथरतात, फिट येते, दोन-तीन दिवसांत भास होऊ लागतात. हे ढोंग नव्हे. तातडीने दवाखान्यात न्यावे. “मनात आणलं तर सोडेल की!” असे घरातली मोठी माणसे म्हणतात, पण व्यसन हा आजार आहे. नुसत्या शपथांनी तो जात नाही.

मग मार्ग कोणते? पहिला औषधांचा. गर्दसारख्या नशेतही डॉक्टर ब्युप्रेनॉर्फिनसारखे औषध देऊन शरीराची तडफड आवरतात. दुसरा, केंद्रात राहून उपचार घेण्याचा. पुण्याचे ‘मुक्तांगण’ डॉ. अनिता व डॉ. अनिल अवचट यांनी १९८६ साली सुरू केले. पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांनी त्याला पैशाचे बळ दिले. तिथे औषधाबरोबर गटात बोलणे असते, आणि पत्नींसाठी ‘सहचरी’ नावाचा गटही आहे. तिसरा मार्ग अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसचा. १९३५ साली अमेरिकेत दोन पिणाऱ्यांनीच तो सुरू केला. फी नाही, एकमेकांचे ऐकायचे आणि आजचा दिवस न पिता काढायचा. एकाला एक मार्ग लागू पडतो, दुसऱ्याला दुसरा. कित्येकांना दोन्ही लागतात.

सुटल्यावर पुन्हा एकदा प्यायला, तर सगळे वाया गेले असे मानू नका. पुन्हा उपचाराला न्या. मात्र गर्द सोडलेल्याने जुन्याच प्रमाणात पुन्हा घेतली, तर ती जीवघेणी ठरू शकते, कारण सवय उतरलेली असते.

आता तुमच्याविषयी. त्याच्या कामावर “ताप आलाय” असा निरोप तुम्ही धाडू नका, उधारी गुपचूप फेडू नका, बांगड्या गहाण टाकू नका. त्याने केलेले त्यालाच निस्तरू द्या. पण घरखर्च आणि मुलांच्या फीचे पैसे वेगळे, स्वतःच्या हाती ठेवा. समजवायचे ते सकाळी, तो शुद्धीवर असताना. हात उगारत असेल तर मुलांना घेऊन सुरक्षित ठिकाणी जा, ११२ वर फोन करा. यात घराण्याची अब्रू जात नाही.

जिल्हा रुग्णालयात मानसोपचाराची चौकशी करा. १४४४६ हा सरकारचा मोफत क्रमांकही आहे. तो यायला तयार नसला, तरी पहिला फोन तुम्ही करू शकता. त्याचे पिणे तुमच्यामुळे नाही, हे मात्र मनाशी पक्के ठेवा.