विद्वत्परिषदेतील साक्ष

गेल्या हिवाळ्यात आमच्या परिचयातील एका बौद्ध कुटुंबातील कन्येने पुरातत्त्वाच्या परिषदेत आपला शोधनिबंध वाचला. ती पदव्युत्तर वर्गात शिकते. लेण्यांना आणि स्तूपांना दान देणारे कारागीर कोण होते, हा तिच्या संशोधनाचा विषय. परिषद म्हटल्यावर तिच्या आईला आपल्या चळवळीचीच परिषद वाटली, आणि मुलगी भाषणाचा शेवट कोणत्या घोषणेने करणार, अशी ती माउली चौकशी करू लागली. वडिलांनी एवढेच विचारले, "तिकडे जाऊन मिळणार काय?" धम्मदीक्षा घेतलेल्या अनेक घरांतून आज हा प्रश्न विचारला जातो. त्याला हसण्यावारी नेणे योग्य नव्हे.

अशा परिषदेसाठी निबंधाचा सारांश आधी पाठवावा लागतो. तो मान्य झाला तर बोलावणे येते. वर्षभराच्या श्रमांसाठी वक्त्याच्या वाट्याला जेमतेम पंधरा-वीस मिनिटे येतात. त्यानंतर प्रश्न सुरू होतात. आम्हा वकिलांच्या भाषेत बोलायचे तर तेथे सरतपासणी थोडी आणि उलटतपासणी फार. येथे टाळ्या मिळाल्या नाहीत तरी चालते, पुरावा मात्र टिकला पाहिजे.

ही वाट आपल्यास नवी नाही. परमपूज्य बाबासाहेब कोलंबिया विद्यापीठात शिकत असताना ९ मे १९१६ रोजी त्यांनी मानववंशशास्त्राचे प्राध्यापक गोल्डनवायझर यांच्या चर्चासत्रात भारतातील जातींच्या उत्पत्तीवरील निबंध वाचला. त्यांचे वय तेव्हा २५ वर्षांचे होते. १९१७ साली तो निबंध 'इंडियन अँटिक्वरी' या मासिकात प्रसिद्ध झाला. हे मासिक १८७२ साली जेम्स बर्जेस यांनी सुरू केले होते, आणि याच बर्जेस यांनी पंडित भगवानलाल इंद्रजी यांच्यासह पश्चिम भारतातील लेण्यांचे शिलालेख १८८१ साली छापून जगापुढे ठेवले होते. निबंधाच्या अखेरीस बाबासाहेबांनी आपला सिद्धान्त चुकीचा ठरल्यास तो सोडून देण्याची तयारीही बोलून दाखविली आहे. त्यांची विद्वत्ता आपण नित्य गातो. ही तयारी मात्र क्वचितच आठवतो.

आता त्या कन्येच्या निबंधाकडे वळू. कार्ल्याच्या चैत्यगृहाचे द्वार धेनुकाकट येथील सामी नावाच्या सुताराने केले, असे तेथील शिलालेख सांगतो. जुन्नरच्या एका लेखात बुरुडांच्या आणि कासारांच्या श्रेणींकडे धर्मदायाची ठेव ठेवल्याची नोंद आहे. म्हणजे टोपल्या विणणाऱ्यांच्या संघावर लोक आपल्या पैशाचा विश्वास टाकीत होते. कृष्णाकाठच्या अमरावतीच्या महास्तूपाला विधिक नावाच्या चर्मकाराने पूर्णघट कोरलेली शिला दान दिली. या विधिकाचा पिता नाग हा उपाध्याय, म्हणजे शिक्षक, होता. बाप शिक्षक आणि मुलगा चर्मकार! हा लेख वाचून आमच्या अंगावर रोमांच उभे राहिले, हे आम्ही लपवीत नाही.

पहिल्या खर्ड्यात त्या मुलीने 'विधिक हा आमचा पूर्वज' असे लिहिले होते. तिच्या मार्गदर्शकांनी ते वाक्य खोडले. घरी यावरून बरीच कुरकुर झाली. आमच्या मते ते खोडणे न्याय्यच होते. त्या काळचा चम्मकार हा शब्द धंद्याचा वाचक आहे. आजची जात त्याला चिकटविण्यास त्या लेखात आधार नाही. आणि तसा आधार नसणे हेच तर आपल्या कामाचे आहे! अस्पृश्यता इसवी सनाच्या ४०० च्या सुमारास जन्मास आली, असे अनुमान बाबासाहेबांनी १९४८ च्या आपल्या ग्रंथात मांडले. विधिकाचा लेख त्याहून जुना. त्याने ते अनुमान सिद्ध होत नाही, परंतु त्याला बळ मिळते. परिस्थितिजन्य पुराव्याचे मोल असेच असते. त्याला ओढून ताणून प्रत्यक्ष पुरावा करू गेल्यास तो आहे तेवढाही हातचा जातो.

परिषदेत तिला दोन प्रश्न लक्षात राहण्याजोगे आले. चहाच्या वेळी एका ज्येष्ठांनी तिला आडनाव विचारले, गाव विचारले, आणि ते कळताच "मग विषय साहजिकच आहे" असे म्हणून ते निघून गेले. ब्राह्मण विद्यार्थ्याने वेदांवर लिहिले तर विषय साहजिक आहे असे कोणी म्हणत नाही. असो. दुसरा प्रश्न सभेतच आला. कार्ल्याच्या लेखाचे वाचन तुम्ही छापील पुस्तकातून घेतले. तो दगड स्वतः पाहिला आहे काय? तिला "नाही" असे उत्तर द्यावे लागले. घरी येऊन ती या दुसऱ्या प्रश्नामुळेच रडली. आमच्या मते त्या सभेत तिला विदुषी समजून विचारलेला प्रश्न हाच होता.

वडिलांच्या प्रश्नाचे उत्तर एक वकील म्हणून देतो. नाशिकच्या ज्या डोंगराला तेथील शिलालेख त्रिरश्मी म्हणतात, त्यावरील बुद्धलेण्यांना लोक पांडवलेणी म्हणत आले. सभेत निषेध केल्याने असे नाव पुसले जात नाही. प्राचीन स्मारकांच्या १९५८ च्या कायद्यातील कलम १६ असे सांगते की, केंद्र सरकार राखीत असलेले संरक्षित स्मारक प्रार्थनास्थळ असेल, तर त्याच्या स्वरूपाशी विसंगत असा त्याचा उपयोग होता कामा नये. परंतु स्वरूप कोणते, हा वाद उभा राहिला की न्यायालय उत्खननाचे अहवाल मागते, शिलालेखांचे वाचन मागते, तज्ज्ञांची मते ऐकते. ते तज्ज्ञ आपल्या घरांतून निघाले नाहीत तर आपली बाजू नेहमी दुसऱ्याच्या तोंडून मांडली जाईल. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात आणि नागपूर विद्यापीठात हे शिक्षण मिळते. मुलगा डॉक्टर किंवा इंजिनिअर व्हावा ही आस आम्ही समजू शकतो. पण दहा घरांतून एका घराने तरी एक मूल या कामी द्यावे. त्याच्या प्रवासाचा खर्च विहाराच्या वर्गणीतून झाला, तर त्या वर्गणीचा तो अपव्यय होणार नाही.

ती कन्या येत्या सुट्टीत सामी सुताराचा लेख पाहण्यास कार्ल्यास जाणार आहे. आईवडीलही बरोबर निघाले आहेत, असे कळते.