हजेरीपटाची पूजा

मुंबई विद्यापीठाचा नियम सांगतो : सरासरी 75 टक्के हजेरी नाही, तर परीक्षेस बसणे नाही. आता गंमत पाहा. याच विद्यापीठाने 1971 साली पत्रद्वारा शिक्षण सुरू केले; तेथे रोजची हजेरी कोणी मागत नाही. आणि विद्यापीठ अनुदान आयोगाचे 2020 चे विनियम म्हणतात, दोन्ही पदव्या समतुल्य! मग अंबरनाथला रात्रपाळी करून उल्हासनगरच्या कॉलेजात येणाऱ्या, किंवा बदलापूरची लोकल रखडल्याने पहिला तास हुकणाऱ्या मुलाचेच वर्ष का बुडावे?

‘मग वर्ग ओस पडतील,’ असे प्राध्यापकमहाशय म्हणतील. कोंडून ठेवल्याखेरीज ज्यांचे व्याख्यान मुले ऐकत नाहीत, त्यांनी दोष मुलांना देऊ नये. मुलाने काय वाचले, काय विचारले, ते मोजा. नुसती डोकी मोजणे हे मेंढपाळाचे काम; गुरूचे नव्हे!