बेरजेत उणे कुठून आलं?

कर्नाटक-महाराष्ट्र सीमेवरच्या बोरगावची मुलं इंजिनिअरिंगला दोन्ही बाजूंना जातात. कुणी निपाणी-चिक्कोडी-बेळगावकडे, कुणी सीमा ओलांडून इचलकरंजी-कोल्हापूरला. सुट्टीत ती पारावर भेटली की एका प्रश्नावर हमखास वाद होतो: सी भाषेत ‘इंट’, म्हणजे पूर्णांक ठेवायचा प्रकार, किती बाइटचा? एक म्हणतो २, दुसरा ४. दोघांनाही त्यांच्या कॉलेजात पैकीच्या पैकी गुण मिळालेले असतात.

माझं स्पष्ट मत आहे की हा प्रश्न परीक्षेत अशा पद्धतीनं विचारूच नये.

समजा, शेतातून गेलेल्या उसाच्या वजनाची बेरीज करणारा छोटा प्रोग्राम एखाद्या पोरानं लिहिला. काट्यावर पहिली खेप भरली १८,००० किलो, दुसरीही तेवढीच. एकूण वजन ‘इंट’मध्ये ठेवलं. आजच्या जीसीसी कंपायलरवर उत्तर येतं ३६,०००. तोच प्रोग्राम जुन्या टर्बो सीवर चालवा, उत्तर येतं उणे २९,५३६! तिथे ‘इंट’ २ बाइटचा, म्हणजे १६ बिटांचा. त्यात ६५,५३६ वेगवेगळे आकडे मावतात, त्यांतले निम्मे उणे बाजूचे, म्हणून वरची हद्द ३२,७६७. ती ओलांडली की आकडा उण्यात जाऊन पडतो. आणि तो असाच पडेल याचीही सीचं प्रमाण हमी देत नाही. कंपायलर एरर दाखवत नाही, प्रोग्राम अडत नाही, फक्त उत्तर चुकतं. मला सगळ्यात धोक्याचं वाटतं ते हेच.

डेनिस रिचीनं बेल लॅब्जमध्ये सी घडवली ती १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला, पीडीपी-११ या १६ बिटांच्या यंत्रावर. ‘इंट’ म्हणजे त्या-त्या यंत्राला सोयीचा पूर्णांक, अशी मूळ कल्पना. पुढे १९८९च्या प्रमाणानं फक्त किमान मर्यादा घातली: ‘इंट’ १६ बिटांहून लहान नको, ‘लाँग’ ३२हून लहान नको. म्हणजे पारावरचे दोघेही आपापल्या कंपायलरपुरते बरोबर. ‘लाँग’चं तर आजही एकमत नाही. एकाच ६४ बिटांच्या लॅपटॉपवर विंडोजमध्ये तो ४ बाइटचा आणि लिनक्समध्ये ८ बाइटचा असतो.

नागपूरच्या यशवंत कानेटकरांच्या ‘लेट अस सी’वर आपल्याकडच्या पिढ्या शिकल्या. पूर्णांकाची मर्यादा कंपायलरवर अवलंबून असते, हे त्या पुस्तकात लिहिलेलं आहे. मुलांनी ते वाक्य सोडलं आणि ३२,७६७ तेवढा पाठ केला, कारण पेपरात तेवढंच येतं.

पण ही चूक पेपरापुरती राहत नाही. ४ जून १९९६ रोजी एरियान-५ रॉकेट उड्डाणानंतर ४० सेकंदांच्या आत नष्ट झालं. मोठा आकडा १६ बिटांत कोंबताना तो मावला नव्हता. भाषा अ‍ॅडा होती, सी नव्हे; पण चूक हीच. आणि १९ जानेवारी २०३८ला सकाळी ८ वाजून ४४ मिनिटं ७ सेकंदांनी, आपल्या वेळेनुसार, १९७० पासूनचे सेकंद ३२ बिटांत मोजणाऱ्या यंत्रांची हद्द संपेल. आज पहिल्या सेमिस्टरला असलेली मुलं तेव्हा ऐन उमेदीत नोकरी करत असतील. अशी जुनी यंत्रं त्यांनाच निस्तरावी लागणार आहेत.

म्हणून पेपर काढणाऱ्या सरांना आणि मॅडमना विनंती: ‘किती बाइट’ विचारू नका. ‘तुमच्या यंत्रावर किती, ते शोधून दाखवा’ असं विचारा. ‘साइझऑफ’ची एक ओळ पुरते. आकार पक्काच हवा असेल तर ‘इंट३२_टी’, ‘इंट६४_टी’ हे प्रकार १९९९च्या प्रमाणापासून भाषेतच आहेत. ते पहिल्या महिन्यात शिकवा. अभ्यासक्रम बदलायची वाट बघायला नको, पुढच्या प्रॅक्टिकललाच हे करता येईल.