हात न लावण्याचं सोवळं

अमेरिकेतल्या मिशिगन सरोवराच्या पूर्व काठावरचा ‘स्लीपिंग बेअर ड्यून्स’ हा वाळूच्या टेकड्यांचा मुलूख 1970 पासून राष्ट्रीय संरक्षणाखाली आहे. हिमनदीने मागे टाकलेल्या गाळाच्या उंचवट्यांवर वाऱ्याने वाळू नेऊन रचली, त्यामुळे काही कडे पाण्यापासून साडेचारशे फूट वर उभे आहेत. उन्हाळ्यात तिथे फावडी घेतलेली माणसं पांढऱ्या फुलांनी डवरलेली झुडपं खणून काढताना दिसतात. काही पट्ट्यांत तणनाशकही मारलं जातं. राखीव उद्यानात ही उपटाउपटी कशाला, असा सवाल पाहणाऱ्याच्या मनात येणारच.

आक्षेप घेणारे म्हणतात, निसर्ग हजारो वर्षं आपलं आपण बघत आला आहे, त्याला त्याच्यावर सोडा. ओसाड वाळूवर चार हिरवी पानं उगवत असतील तर त्यात वाईट काय? आणि झाड ‘परकं’ म्हणून मारायचं, हा तर वनस्पतींमधला जातिभेद झाला. ऐकायला हे छान वाटतं. फक्त वाळूवर उभं राहून ते टिकत नाही.

आधी ‘ओसाड’चं बघू. पिचर्स थिसल हा काटेरी वनस्पतीचा एक प्रकार जगात फक्त उत्तर अमेरिकेतल्या महासरोवरांच्या काठी उगवतो. झायना पिचर या लष्करी डॉक्टरला तो 1820च्या दशकात सुपिरिअर सरोवराच्या वाळूत सापडला. 1988 पासून अमेरिकेच्या संकटग्रस्त प्रजातींच्या यादीत या थिसलचं नाव आहे. पानं रुपेरी, लव असलेली, बारीक चिरलेली. सोटमूळ माणसाच्या उंचीएवढं खोल जातं. साधारण पाच ते आठ वर्षं तो नुसता पानांचा घेर करून बसतो, मग एकदाच फिकट मलई रंगाची फुलं देतो आणि मरतो. मुळातून नवा फुटवा येत नाही. बी जड, ते बहुतेक आईच्या पायाशीच पडतं. ते रुजायला उघडी, हलती वाळू लागते. गवताने गच्च धरलेल्या जमिनीत त्याचं रोप तग धरत नाही. म्हणजे आपण जिला ओसाड म्हणतो, ती त्याची नांदती वस्ती आहे. हिरवं दिसलं की बरं, ही समजूत इथे घातक ठरते. कोकण किनाऱ्यावर सुरूची बनं उभी करतानाही वाळूवरच्या मूळ वेलींना कुणी विचारलं नव्हतं.

आता ती पांढऱ्या फुलांची झुडपं. आपल्याकडचे फुलवाले गुलाबाच्या गुच्छात भरीला घालतात, तीच ही जिप्सोफिला. मूळची युरोप-आशियातली, बागांच्या हौसेपायी अमेरिकेत गेलेली. एका झुडपाला दहा हजारांहून अधिक बिया येतात, मूळ दहा-बारा फूट खाली उतरतं. हिवाळ्याच्या तोंडाशी वाळलेलं झुडूप बुडाशी मोडतं आणि वाऱ्याबरोबर गडगडत बिया सांडत जातं. वाळू बांधली जाते, हलायची थांबते. शिवाय या फुलांच्या गर्दीत कीटक थिसलकडे कमी फिरकतात. जिप्सोफिला काढलेल्या जागी त्यांच्या फेऱ्या पुन्हा वाढल्याचं 2011 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं. तेव्हा ‘निसर्गावर सोडा’ म्हणणाऱ्यांनी सांगावं, कुठल्या निसर्गावर? माणसाने आणून सोडलेल्या झुडपाला माणसाने हात लावायचा नाही, या सोवळ्याचा फायदा एकट्या त्या झुडपाला होतो.

जातिभेदाचा आरोप तर मुळीच लागू नाही. दसऱ्याच्या तोरणातला झेंडूही अमेरिका खंडातून आला, म्हणून कुणी तो उपटत सुटलेलं नाही. झाड कुठून आलं यापेक्षा ते आल्यावर काय करतं, हा प्रश्न आहे.

मात्र विरोधकांचा एक मुद्दा खरोखर वजनदार आहे, आणि व्यवस्थापनाची बाजू घेणारे तो सहसा टाळतात. इलाज करणाऱ्यांनीच कधी कधी रोग वाढवला आहे. युरोपातून आलेला लॅरिनस प्लॅनस हा सोंडकिडा शेतातल्या काटेरी तणांचा बंदोबस्त करायला अमेरिकेत जाणूनबुजून पसरवला गेला. त्याच्या अळ्या बोंडातलं बी खातात. त्यांना तण कोणतं आणि दुर्मीळ थिसल कोणता हे कोण सांगणार? विस्कॉन्सिनच्या काठावर तो पिचर्स थिसलच्या बोंडांत सापडला. जन्मात एकदाच फुलणाऱ्या झाडाचं बी खाल्लं गेलं की त्याचा वंशच बुडतो. रोगापेक्षा औषध जालीम, ते हेच.

पण यातून ‘हात लावू नका’ असं निघत नाही. जो उपाय परत घेता येत नाही तो करू नका, एवढंच निघतं. सोडलेला किडा माघारी बोलावता येत नाही. फावडं मात्र ठेवून देता येतं. म्हणून माझं मत फावड्याच्या बाजूने आहे. जिप्सोफिलाचं मूळ बुडख्याच्या खाली तोडावं लागतं, नाहीतर ती पुन्हा फुटते. काम कष्टाचं, वेळखाऊ, दरवर्षी त्याच पट्ट्यात परत जायला लावणारं. तणनाशक जिथे झुडपांची दाटी आहे आणि थिसल जवळ नाही तिथेच, एकेका झुडपापुरतं वापरावं. आणि उघड्या पडलेल्या जागी घाईघाईने काही लावू नये. सरोवराचं पाणी 2013च्या जानेवारीत विक्रमी खाली होतं, 2020 मध्ये खूप वर. पाणी असं चढतं-उतरतं, कडे ढासळतात, नवी वाळू मोकळी होते. या उलथापालथीवर तर थिसलचा संसार चालतो.

शिकागो-डेट्रॉईटकडची मराठी मंडळी सुट्टीत तिथे जातातच. त्यांना एवढीच विनंती: वाळू चढण्याची हौस ‘ड्यून क्लाइंब’वर भागवा, ती जागा त्यासाठीच ठेवलेली आहे. बाकी ठिकाणी आखलेली वाट सोडू नका. गाडीत बसण्याआधी बुटांचे तळवे झटका, म्हणजे चिकटलेल्या बिया दुसरीकडे जाणार नाहीत. आणि रुपेरी पानांचा घेर वाळूत दिसला तर फोटो लांबून काढा. त्याच्या आजूबाजूला त्याच्याच आईने टाकलेल्या बियांची कोवळी रोपं असू शकतात, आणि ती पायाखाली आली तरी कळत नाहीत.